विमानाची ओटी

माझी थोरली जाऊ गेली त्या दिवशी मी पोटभर जेवले. घरात चूल पेटलेली नव्हती, शेजारणीनं पिठलं-भात आणून दिला होता. बाकीच्या बाया दोन घास चिवडून ताट सरकवत होत्या. मी पुन्हा वाढून घेतलं आणि वर नातवाकडं ताक मागितलं. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. बघू देत. सगळा जन्म तिच्याबरोबर एका छपराखाली काढला तो मी, त्यांनी नाही.

माझ्या माघारी जे बोललं गेलं ते कानावर आलंच. म्हणून आता सगळं सांगूनच टाकते. त्यात एक विमान आहे. हसू नका. खरंखुरं विमान, आमच्या चिंचवडच्या पलीकडल्या माळावर बांधलेलं, आणि त्याचे पंख आम्ही दोघी जावांनी शिवलेले.

आधी तिनं काय केलं ते ऐका. माझे मालक तापानं गेले तेव्हा माझी मुलगी परकरातली होती. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, आणि जावेनं माझं जगणं तिच्या पद्धतीनं मांडायला घेतलं. नवरा गेलेल्या बाईनं कशाकशाला हात लावायचा नाही, याची तिला इतकी माहिती कुठून मिळाली देव जाणे. पापडाच्या पिठाला लावायचा नाही, नव्या बांगड्यांना लावायचा नाही, कुणी गावाला निघालं की दारात यायचं नाही. वर म्हणायची, "तुझ्याच भल्याचं सांगते." माझं भलं! पण थोरल्या दिरांच्या आधारानं जगत होतो आम्ही मायलेकी, म्हणून तोंड दाबून बसले.

मुलीच्या लग्नात मात्र तिनं कहर केला. मांडव सजला, वऱ्हाड आलं, आणि हिनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, "तू आज गोठ्यात बस. पोरीच्या संसाराचा पयला दिस हाय, तिच्या नजरंसमोर नको."

मी म्हटलं, "मी आई हाय तिची."

"म्हून तर म्हणते," ती म्हणाली.

बसले. आज एवढ्या वर्षांनी सांगतानाही अंगाची लाही होते. म्हैस रवंथ करत होती, तिच्या शेजारी उपड्या पाटीवर मी, आणि भिंतीपलीकडं माझ्या पोटच्या पोरीची मंगलाष्टकं. चार अक्षता टाकायलासुद्धा कुणी बोलावलं नाही. कन्यादान दिरांनी आणि हिनं केलं. ओटी हिनं भरली. निघताना मुलगी माझ्या पाया पडायला गोठ्याकडं वळली, तर ही मागून ओरडली, "गाडी खोळंबलीया, चल लवकर." आणि मुलगी गेली. आळंदीच्या वाटेवरच्या गावात दिली होती तिला, फार लांब नाही, पण मला ती त्या दिवशी सातासमुद्रापार गेल्यासारखी वाटली. त्याच पाटीवर बसून मी ठरवलं, बाई गं, तुला एक दिवस मी इथंच बसवीन. चारचौघींच्या देखत बसवीन.

त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं. मग तिनंही टाकलं. घर एकच, चूल एकच. काही सांगायचंच झालं तर आम्ही म्हशीला सांगायचो. "म्हशी, पाणी संपलंय बरं का," मी म्हणायचे. "म्हशी, ज्यानं संपवलं त्यानं आणावं," ती म्हणायची. आमच्या घरातलं सगळं त्या म्हशीला ठाऊक होतं.

असं चाललेलं असताना माळावर शेड उभी राहिली. आजच्यासारखे कारखाने तेव्हा नव्हते. पिंपरीकडं कुठं कुठं धुराडी दिसायला लागली होती, आमच्या बाजूला नुसता माळ, बाभळी आणि ज्वारी. पुण्याच्या एका साहेबांनी तिथं पत्र्याची लांबलचक शेड टाकली. हे साहेब लढाईच्या काळात लष्कराची विमानं दुरुस्त करायचे. आता त्यांना स्वतःचं विमान बांधायचं होतं. लढाईचं नाही, लोकांच्या कामाचं. चार माणसं बसतील, खुर्च्या काढल्या तर आजारी माणसाची खाट मावेल, टपालाच्या थैल्या मावतील, पोटाखाली टाकी लावली तर उसावर औषध फवारता येईल, आणि उतरायला पक्की सडक लागणार नाही, आमच्यासारखा माळ चालेल. इंजिन तेवढं परदेशातून आणलेलं. बाकी सगळं इथंच करायचं, असा त्यांचा हट्ट.

गावात त्यांना येडा साहेबच म्हणायचे. आमचे थोरले दीर शेडवर राखणीला लागले, त्यामुळं आमच्या घरी रोज विमानाची खबर. आज शेपटी झाली. आज शेपटी मोडून पुन्हा केली. आज नुसता सांगाडा चाकांवर उभा करून तोलून बघितला तर मागं कलंडला, मग इंजिन वीतभर पुढं सरकवायचं ठरलं. दीर सांगायचे आणि कपाळावर हात मारून घ्यायचे. मला मात्र त्या साहेबांचं कौतुक वाटायचं. मोडतोय, पुन्हा करतोय, पण सोडत नाही. मलाही एक गोष्ट सोडायची नव्हती.

पंख होते लाकडाचे. पातळ लाकडी फासळ्या एकीपुढं एक बसवलेल्या, त्यांच्यावर सुती कापड ताणायचं आणि प्रत्येक फासळीला ते टाक्यांनी जखडायचं, नाहीतर वर गेल्यावर कापड फुगून सुटणार. त्यासाठी पुण्याहून शिंपी आणले होते. मशीनवर बसायची सवय त्यांना. उभ्यानं हातटाके घालून कंटाळले आणि निघून गेले. तेवढ्यात साहेबांना आमच्या कुंपणावर वाळत घातलेली गोधडी दिसली. त्यांनी दिरांना विचारलं, ही कुणी शिवली? दीर म्हणाले, घरातल्या दोघींनी. ती गोधडी आम्ही बोलत होतो तेव्हाची, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

अशा आम्ही दोघी कामाला लागलो. आता शिवायची रीत ऐका. पंख लाकडी घोड्यांवर कडेनं उभा करायचा, भिंतीसारखा. एक बाई ह्या अंगाला, एक त्या अंगाला. हातभर लांब सुई, मेण लावलेला दोरा. मी फासळीच्या एका कडेनं सुई आत घालायची, पलीकडून तिनं ओढून घ्यायची, फासळीच्या दुसऱ्या कडेनं परत माझ्याकडं धाडायची, मग मी गाठ मारायची. मध्ये दोन्हीकडचं कापड, त्यामुळं एकमेकींचं तोंड दिसत नाही. साहेब शिकवताना म्हणाले, "एकमेकींना सांगत राहा. घे, ओढ, थांब. नाहीतर सुई हातात घुसेल."

आम्ही दोघी गप्प. साहेब आमच्याकडं आळीपाळीनं बघत राहिले. शेवटी आम्ही आमचं ठरवून टाकलं, न बोलताच: दोऱ्याला एक हिसका म्हणजे घे, दोन म्हणजे थांब. काम झकास चाललं. गावातल्या आणखी दोन बाया आमच्या टाक्यांवर पट्ट्या चिकटवायला होत्या, त्या पदर तोंडात कोंबून हसायच्या.

सुई तिला दोनदा टोचली. पहिल्यांदा चुकून. दुसऱ्यांदा पलीकडून "आई गं" ऐकू आलं तेव्हा मला जे बरं वाटलं ते काय सांगू! दुपारनंतर तिनं मला टोचलं. फिट्टंफाट.

त्याच सुमाराला मुलीकडून निरोप आला, तिला दिवस गेले होते. पहिलटकरीण, माहेरी येणार. मला आनंद झाला, पण सातव्या महिन्यातली ओटी कोण भरणार हे मला न विचारताच ठरल्यासारखं होतं. जावेला दोन मुलगे, मुलगी नाही. माझ्या मुलीवर तिनं पहिल्यापासून हक्क सांगितलेला. पंखाच्या पलीकडून ती त्या पट्टीवाल्या बायांना मोठ्यानं सांगायची, मला ऐकू जावं म्हणून: "हिरवं लुगडं घेणार हाय मी. ओटी मीच भरणार. फुलांची वाडी बी मीच करणार. पोरीला दुसरं हाय कोण?"

दुसरं हाय कोण! मी इकडं जिवंत उभी होते, हातात हातभर सुई घेऊन. दात ओठ खात टाके घालत राहिले. त्या पंखाला माझे टाके इतके घट्ट बसले की साहेबांनी शाबासकी दिली. मला तेव्हा एकच गोष्ट हवी होती: माझ्या लेकीची ओटी माझ्या हातानं भरायची, आणि ती भरताना ही त्या गोठ्यात बसलेली असली पाहिजे. दुसरं काही नको होतं.

साहेबांचा एक नियम होता. पंखाच्या आत काडीसुद्धा राहता कामा नये. पंखाच्या मागच्या कडेला एक हलता भाग असतो, विमान कलतं-वळतं ते त्याच्यावर. त्याच्या तारा पंखाच्या आतून जातात. आत एखादा खिळा सुटा राहिला आणि तारेत अडकला तर वर गेलेला माणूस खलास. संध्याकाळी सुया मोजून घ्यायचे, आम्हाला पदर झटकायला लावायचे. एकदा जाऊ त्यांना म्हणाली, "साहेब, एवढं करून सवरून आपण हिला घराबाहेर घालवणार. मोकळ्या ओटीनं कशी घालवायची?" साहेब हसले. म्हणाले, "उडायच्या दिवशी नाकाला कुंकू लावा, नारळ फोडा, काय हवं ते करा. पण बाहेरून. आत काही नाही." सगळ्यांनी ऐकलं. तिनंही मान डोलावली.

उजव्या पंखाचं शेवटचं टोक शिवत होतो. मी सुई घातली, तिनं परत धाडली, आणि माझ्या बाजूला आली ती सुई पिवळी. टोकाला लाल. मी बोटानं पुसली. हळद आणि कुंकू. माझ्या बोटांना किती वर्षांनी लागलं ते! पुन्हा तिथंच सुई घातली तर काहीतरी टणक लागलं. कापडावरून चाचपलं. फासळीला बांधलेली पुरचुंडी हाताला लागली.

क्षणात सगळं कळलं. कापडाचं टोक बंद करायच्या आधी हिनं आत ओटी ठेवली होती. खणात तांदूळ, सुपारी, हळकुंड, खोबऱ्याची वाटी, आणि हळदीकुंकवाची पुडी. तांदूळ-खोबरं म्हटल्यावर उंदीर येणार, उंदीर आला की कापड कुरतडणार, आणि गाठ सुटली तर सुपारी घरंगळत जाणार थेट तारांकडं. एवढं मला कळत होतं तर तिला कळत नव्हतं? पण मी खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला भीती वाटली नाही. पहिल्यांदा वाटलं, सापडलीस!

पट्टीवाल्या बाया भाकरी खायला बाहेर गेल्या होत्या. साहेब शेडच्या त्या टोकाला इंजिनाशी खाटखुट करत होते. मी कापडाला तोंड लावलं आणि मुलीच्या लग्नानंतर पहिल्यांदा तिच्याशी बोलले.

"पंखात काय घातलंस?"

सुई परत आली नाही.

"म्हशीला न्हाई इचारत," मी म्हटलं, "तुला इचारते."

मग हळूच, "ओटी हाय. फासळीला घट बांधलीया. हलायची न्हाई."

"साहेबांनी काय सांगितलं व्हतं?"

"साहेब बाप्या माणूस. त्यांना काय कळतंय."

"आणि तुला लई कळतंय?"

तेव्हा ती जे बोलली ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. ती म्हणाली, "अर्ध्या पंखाला तुझा हात लागलाय. माणूस वर जाणार हाय त्याच्यात बसून. कायतरी नको का करायला?"

ऐकलंत? माझ्या टाक्यांवर उतारा म्हणून घातली होती ती ओटी! माझे टाके, ज्यांना साहेबांनी शाबासकी दिली. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पंख मध्ये नसता तर मी तिच्या झिंज्या धरल्या असत्या.

"आत्ता साहेबांना हाक मारते," मी म्हटलं.

"नको."

"मारते बघ."

"नको मारू गं. ह्यांची राखणीची नोकरी जाईल. गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाई." तिचा आवाज चिरका झाला होता. तिनं माझ्याकडं काही मागितलं ते हे पहिल्यांदा. मला वाटलं, आणखी माग. जरा आणखी माग. मी मुद्दाम गप्प राहिले.

"काय पायजे तुला?" ती म्हणाली.

माझं उत्तर तयारच होतं. "सातव्यात पोरीची ओटी मी भरणार. पयली. आणि तू गोठ्यात बसायचं. उपड्या पाटीवर, म्हशीपाशी. सगळ्या बायांना दिसशील अशी."

मग ती म्हणाली, "मला बसव. मी बसते. पण ओटी नको भरूस. पोरीला काय झालं मंजे?"

"माझ्या हातानं माझ्या पोरीला काय व्हईल? बोल की. काय व्हईल?"

मी सुई खाली ठेवली आणि साहेबांच्या दिशेनं दोन पावलं टाकली, चपला वाजवत.

"व्हय," पलीकडून आलं. "भर. भर तू."

कापडावर अजून रोगण चढलं नव्हतं म्हणून बरं. साहेब त्याला डोप म्हणायचे. पिकल्या केळ्यासारखा उग्र वास यायचा, डोकं गरगरायचं, पण ते वाळलं की कापड ढोलकीसारखं ताणून बसायचं. एकदा ते चढलं असतं तर पंख फाडावा लागला असता. आम्ही टोकाचे टाके उसवले, मी आत हात घातला आणि पुरचुंडी काढून कनवटीला लावली. तिनं हात पुढं केला होता. मी म्हटलं, "ही माझ्यापाशी राहील. ओटी होईस्तोवर." मग आम्ही ते टोक पुन्हा शिवलं. तिनं काढू दिली नसती तर मी साहेबांना सांगितलंच असतं, हे आज शपथेवर सांगते. माझं वैर बाईशी होतं. विमानाशी नव्हतं, आणि ते उडवणाऱ्या पोराशी तर मुळीच नव्हतं.

पुढं पंखांची परीक्षा झाली. पंख उलटे करून टेकूंवर ठेवले आणि त्यांच्यावर वाळूच्या पिशव्या रचल्या. उलटे का, तर हवा खालून वर रेटते, म्हणून रेटा पालथा करून बघायचा, असं साहेबांनी सांगितलं. वाळू इंद्रायणीची, आम्हीच भरलेली. एकेक थर चढला की पंख कुरकुरायचे, साहेब खडूनं खूण करायचे आणि म्हणायचे, आणखी. जाऊ डोळे मिटून, हात जोडून उभी. मी पंखाकडं बघतच नव्हते, मी तिच्याकडं बघत होते. पंख टिकले. एकही टाका सुटला नाही, ना तिचा, ना माझा.

मग सरकारी तपासनीस येऊन गेले, आणि एका सकाळी विमान बाहेर काढलं. सगळं गाव माळावर. दापोडीहून सुतार आले, साहेबांचे पुण्याचे पाहुणे आले. जावेनं पुढं होऊन विमानाच्या नाकाला कुंकू लावलं, नारळ फोडला, पाच सुवासिनींना पुढं घेतलं. मी मागं, बाभळीपाशी. एरवी माझा तिळपापड झाला असता. त्या दिवशी नाही झाला. लाव बाई, म्हटलं, काय लावायचं ते लावून घे. कनवटीची पुरचुंडी हातानं चाचपून बघितली.

विमानाच्या नाकावरचा पंखा फिरला, धुरळा उठला, बायांचे पदर उडाले. विमान माळावरून हादरत पळालं, एकदा उडालं, पुन्हा टेकलं, आणि मग सुटलंच. बाभळींच्या वरून गेलं. आमचे पंख उन्हात चमकत होते, कापड असं ताठ. मी ओरडले. काय ओरडले माहीत नाही, पण ओरडले. नदीपर्यंत जाऊन, वळून, ते परत येऊन उतरलं आणि उडवणारा पोरगा बाहेर पडून साहेबांना म्हणाला, "सगळं छान आहे, फक्त उजवीकडं जरा ओढतंय."

उजवीकडं! जावेनं गर्रकन माझ्याकडं बघितलं. तोंड पांढरं पडलेलं. ओठ हलले तिचे, मला ऐकू आलं नाही, पण मला कळलं काय म्हणाली ते. साहेबांनी मात्र हसून मागच्या कडेची पत्र्याची एक छोटी पट्टी पकडीनं किंचित वाकवली, आणि दुपारच्या फेरीत विमान सरळ गेलं. मी मुद्दाम तिच्या शेजारून जाताना म्हटलं, "म्हशी, पत्रा वाकडा व्हता बरं का. हात न्हाई."

ते विमान पुढं बरेच दिवस उडालं. एकदा औषध फवारून दाखवलं, एकदा टपाल नेलं. पण दुसरं बांधायला इंजिन काही येईना, कागद मुंबई-दिल्लीला फिरत राहिले, आणि साहेबांची शेड हळूहळू ओस पडली. आता त्या माळावर मोटारींचे सुटे भाग करणारे कारखाने आहेत. तिथल्या कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

मुलगी सातव्या महिन्यात आली. ओटीच्या दिवशी मी पहाटेपासून जावेवर नजर ठेवून होते. म्हटलं, आता काढेल काहीतरी निमित्त. नाही काढलं. बाया जमायला लागल्या तशी ती उठली, गोठ्यात गेली आणि पाटी पालथी घालून बसली. दार उघडं. अंगणातून सगळ्यांना दिसत होती. बायांची कुजबुज सुरू झाली. एकीनं विचारलं, "थोरल्या जाऊबाई तिकडं का?" मी मोठ्यानं म्हटलं, "त्यांनीच सांगितलंय मला. आज ओटी आईनं भरायची." आणि गोठ्याकडं वळून बघितलं. ती म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होती, वर बघत नव्हती. काय सुख होतं ते! इतकी वर्षं मी त्या सुखाच्या आशेवर जगले होते.

लेक पाटावर बसली होती. हिरवं लुगडं, केसात फुलं, गालावर तेज. मी सूप घेऊन तिच्यासमोर बसले. तांदूळ, खण, नारळ, पाच फळं. म्हटलं, "पसर पदर, माझी बाई."

तिनं पदर पसरला नाही. दोन्ही मुठींत आवळून पोटाशी धरला.

"पसर की."

"आई," ती खालमानेनं म्हणाली, "तू नको."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय म्हणालीस?"

"तू नको गं. काकीला बोलीव. पोटातल्याला काय झालं तर..." आणि रडायलाच लागली. माझी लेक. जिच्यासाठी मी हे सगळं केलं. माझ्यापासून पोट झाकून बसली होती ती, माझी दृष्ट लागेल म्हणून. बाया जमिनीकडं बघत होत्या. माझ्या हातात सूप तसंच. खाली ठेवू की उठू की तिच्या थोबाडीत देऊ, काही कळेना.

मी गोठ्याकडं बघितलं. म्हटलं, आता ही हसत असेल. आता हिचाच दिवस आहे. हिनं काही करायची गरजच नव्हती. शब्दाप्रमाणे गोठ्यात बसली होती, आणि बसल्या जागी जिंकली होती.

जाऊ पाटीवरून उठली नाही. तिथूनच म्हणाली, "पसर पदर."

लेकीनं वर बघितलं.

"आई हाय ती तुझी. तिच्या हातानं तुला कायबी व्हनार न्हाई. पसर म्हणते ना मी."

आणि लेकीच्या मुठी सुटल्या. डोळे पुसले, पदर झटकला आणि दोन्ही हातांनी पुढं धरला. इतक्या सहज! माझ्या सांगण्यानं नाही. तिच्या सांगण्यानं. मी तिला तिथं गोठ्यात बसवली होती, आणि तिथून तिनं माझी लेक मला दिली, जशी कुणी उरलेली भाकरी देतं. का दिली, हे मी तिला कधी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. चुकून केलं असतं, भिऊन केलं असतं, तर मी माफ केलं असतं. ते तिनं सगळ्यांच्या देखत, शांतपणे केलं, आणि ते मी तिला ती मरेपर्यंत माफ केलं नाही.

मी ओटी भरली. तांदूळ घातले, खण ठेवला, नारळ ठेवला. लेक पदर धरून बसली होती आणि सगळा वेळ गोठ्याकडं बघत होती.